फुलामागे धावू नका, भिंतीपाशी बसा: खान्देशातल्या रानमाश्या बघायच्या आणि टिपायच्या कशा

"आठे काय देखी ऱ्हायना भाऊ?"

गढीच्या पडक्या भिंतीसमोर पालथ्या बादलीवर बसून मला तास झाला होता. शेळ्या घेऊन निघालेले एक आबा थांबले होते. म्हटलं, "माशी देखी ऱ्हायनू, आबा." त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेळ्या हाकत निघून गेले. परतताना मात्र स्वतःहून थांबले. त्यांच्या धाब्याच्या घराच्या मागच्या भिंतीलाही अशीच भोकं आहेत म्हणाले, दर पावसाळ्यात तिथे माश्यांची ये-जा असते. पुढचे दोन महिने मी त्या भिंतीपाशी बसलो. त्याआधीच्या अख्ख्या वर्षात शिकलो नव्हतो तेवढं तिथे शिकलो.

या माश्या म्हणजे मोहोळ न करता एकट्याने राहणाऱ्या रानातल्या मधमाश्या. पहिलं वर्ष मी त्यांच्यासाठी फुलांमागे धावण्यात घालवलं होतं. माशी तिळावर बसली की पळ, कॅमेरा लावेपर्यंत ती उडाली की पुढच्या झाडाकडे पळ. सहाशेच्या वर फोटो निघाले. त्यातल्या बहुतेकांत माशीची पाठमोरी आकृती किंवा नुसतं हलणारं फूल. फुलावर माशी दोन-तीन सेकंद टिकते आणि पुन्हा त्याच फुलावर येईल याची हमी नसते. घरी मात्र तिला दिवसातून अनेकदा यावंच लागतं, तेही त्याच भोकातून. म्हणून आधी तिचा पत्ता शोधायचा. कॅमेऱ्याचा विषय त्यानंतर.

नेमकं शोधायचं काय?

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोहोळ येतं. आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची बिनडंखी बारकी माशी ही आपली मूळची मोहोळवाली मंडळी. पेट्यांतून फिरवतात ती मेलिफेरा परदेशातून आणलेली आहे. पण जगात माश्यांच्या 20,000 च्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य एकांड्या. राणी नाही, कामकरी नाहीत, साठवलेला मध नाही. एक मादी एकटीच भोक शोधते, पराग आणि मकरंद कालवून त्याचा गोळा करते, त्यावर अंडं घालते, खोली बंद करते आणि पुढची खोली बांधायला घेते. राखायला मोहोळ नसल्यामुळे ती अंगावर येत नाही. चिमटीत पकडली तरच डंख मारते. नरांना तर डंखच नसतो.

खान्देशात सहज भेटणाऱ्या अशा माश्या पुढच्या.

निळ्या पट्ट्यांची माशी मधमाशीएवढीच, पण गुबगुबीत. पाठीवर तपकिरी लव आणि काळ्या पोटावर चमकते निळे-हिरवट पट्टे. झपकन येते, हवेत थबकते, आणि फुलावर बसण्याआधीच लांब जीभ बाहेर काढते. मातीच्या भिंती आणि दरडी ही तिची घरं.

पानकापी माशी गुलाबाच्या, तुरीच्या पानांना कडेने गोल चकत्या काढते. मागच्या पायांवर पराग नेण्याऐवजी ती पोटाखालच्या केसांत भरून नेते. पोट खालून पिवळंधमक दिसलं की समजायचं हीच. हिच्या गणगोतात माती वापरणाऱ्याही आहेत. जुन्या कुलपाच्या भोकात किंवा स्विचबोर्डात माती लिंपलेली दिसली, तर ते दरवेळी कुंभारणीचंच काम असेल असं नाही.

भुंगा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोही माशीच आहे हे बऱ्याच जणांना पटत नाही. लाकडाला किंवा वाळक्या बांबूला बोटाच्या पेराएवढं गोल भोक आणि खाली भुसा, ही त्याच्या घराची खूण. एका जातीत मादी काळी आणि तिची फक्त पाठ पिवळी असते, नर मात्र पूर्ण पिवळसर. दोन वेगळ्या जाती समजून मी दोन वह्या भरल्या होत्या!

चौथी, मुंगीपेक्षा थोडीच मोठी, धातूसारखी हिरवी किंवा काळी चमकणारी माशी. पोकळ, भुसभुशीत गाभ्याच्या वाळक्या काड्यांत राहते. बहुतेक लोक तिला चिलट समजून सोडून देतात.

गोंधळ टाळायला एवढं लक्षात ठेवा. दोनच पंख, आखूड मिशा आणि डोक्यावर डोळेच डोळे असतील तर ती साधी माशी, मधमाशीचं सोंग घेतलेली. कंबर बारीक, अंग तुळतुळीत आणि परागाचा पत्ता नसेल तर गांधीलमाशीच्या कुळातली.

पत्ता कसा काढायचा

खान्देशाला या बाबतीत एक वरदान आहे. गावोगावच्या पडक्या गढ्या, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि धाब्याची घरं. पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेली, वरून छप्पर किंवा पाखाडीचा आडोसा असलेली, पावसाने न भिजणारी भिंत शोधा. पेन्सिल जाईल एवढी भोकं आणि त्यांच्या तोंडाशी ताजी मोकळी माती दिसली की बसायला हरकत नाही. कोळ्याचं जाळं लागलेलं भोक रिकामं समजा.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या गाळाच्या उभ्या दरडींतही असंच. तिथे एक आयता वाटाड्या मिळतो, वेडा राघू. तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून तो पुन्हापुन्हा झेप घेत असेल आणि पकडलेला किडा फांदीवर आपटत असेल, तर आसपास माश्या भरपूर आहेत. दरडीच्या कडेवर मात्र उभं राहू नका. गाळाची माती वरून घट्ट दिसते आणि खालून पोखरलेली असते.

काळ्या कपाशीच्या रानात, भेगाळणाऱ्या जमिनीत मला बिळं क्वचितच दिसली. बांधावर, पायवाटेच्या कडेला, मुरमाड उतारावर जास्त.

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीला टेकू द्यायचे बांबू बांधावर रचून ठेवलेले असतात. मोडके, तोंड उघडं असलेले बांबू निवांत तपासा. भुंगे, पानकाप्या, हिरव्या बारक्या माश्या, सगळ्यांचा तो वाडाच असतो. शेतकऱ्याला विचारून दोन-चार मोडके बांबू बाजूला काढून ठेवायला सांगा, नाहीतर ते चुलीत जातात.

डोंगराकडे जायचं तर सातपुड्यात पाल आणि यावल अभयारण्य, तोरणमाळचं पठार, चाळीसगावजवळ पाटणादेवी, धुळ्याजवळ लळिंगचं कुरण. अभयारण्यात जाण्याआधी वनविभागाची परवानगी घ्या, आणि कुठेही माशी डबीत भरून आणू नका. पण खरं सांगू का, सुरुवात घराच्या परसातून करा. तोरणमाळला वर्षातून एकदा जाणं होतं, परसात रोज बसता येतं.

केव्हा

जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर हालचाल सुरू होते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा सुगीचा काळ. तीळ, ताग, कपाशी, तरवड, बांधावरची रानफुलं, सगळं एकदम. तागावर भुंगे आणि पानकाप्या हमखास. कपाशीचं एक लक्षात ठेवा. मलईच्या रंगाचं फूल आजचं, गुलाबी झालेलं कालचं. गुलाबी फुलासमोर कॅमेरा लावून बसाल तर बसूनच राहाल. कपाशीच्या पानाच्या मागच्या शिरेवरही मधाचा थेंब सुटतो. फुलोरी माशी पान उलटं धरून तो चाटताना बऱ्याचदा दिसते.

नोव्हेंबरापासून तूर. तुरीच्या फुलावर पानकापी बसली की तिच्या वजनाने खालची होडीसारखी पाकळी दबते आणि पराग थेट पोटाला लागतो. पराग पोटावर नेणाऱ्या माशीला याहून सोयीचं फूल कोणतं?

थंडीत नऊच्या आत जाऊन उपयोग नाही, ऊन अंगावर आल्याशिवाय माश्या निघत नाहीत. एप्रिल-मेमध्ये नेमकं उलट. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. सहा ते नऊ काम करा आणि घरी या. त्या दिवसांत रुईच्या झुडपापाशी थांबा. सगळं रान करपलेलं असतं तेव्हाही रुई फुललेली असते आणि भुंगा तिथे येतोच. नीट बघितलं तर त्याच्या पायाला रुईच्या परागाच्या पिवळसर जोडपिशव्या अडकलेल्या दिसतात.

फवारणी झालेल्या शेतात दोन-तीन दिवस पाऊल टाकू नका. माश्याही मिळणार नाहीत आणि तुमची तब्येतही बिघडेल. शेतमालकाला आधीच फोन करून विचारा.

बसायचं कसं

पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. हे फार जणांना जमत नाही, मलाही जमायचं नाही.

भोकाच्या अगदी समोर बसू नका, ती तिची येण्याची वाट आहे. हातभर बाजूला, शक्यतो तुमची सावली भिंतीवर पडणार नाही असं बसा. सकाळी पहिल्यांदा बाहेर पडताना माशी लगेच दूर जात नाही. भोकाकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे झुलते, हळूहळू वर्तुळ मोठं करते आणि मग जाते. घराच्या खुणा पाठ करते ती. म्हणून भोकाशेजारचा खडा, काडी, गवताची दांडी काही हलवू नका. फोटोत आडवी येते म्हणून मी एकदा एक वाळकी काडी कात्रीने कापली होती. माशी परतली आणि स्वतःच्या दारासमोर बराच वेळ भिरभिरत राहिली. शेजारच्या भोकात शिरली, बाहेर आली, परत भिरभिरली. शेवटी सापडलं तिला, पण त्यानंतर मी कात्री नेणं सोडलं.

वहीत पाचच गोष्टी लिहा: तारीख, वेळ, ऊन की ढग, माशी गेली केव्हा आणि आली केव्हा, येताना पराग होता का. तीन दिवस लिहिलंत की फेऱ्यांचा अंदाज बांधता येतो. आता गेली आहे, पाच-सात मिनिटांत येईल, तोवर कॅमेरा जुळवू, असं ठरवून काम करता येतं.

नोंदी ठेवल्या की आणखी एक पात्र दिसायला लागतं. काळी, अंगावर आभाळी निळे ठिपके, पायावर पराग कधीच नाही. ती भिंतीला लागून संथ उडते, एखाद्या गवताच्या पात्यावर बसून राहते. निळ्या पट्ट्यांची माशी बाहेर पडली की ही आत शिरते, अंडं घालते आणि निघून जाते. माश्यांतली कोकिळा. आबांच्या भिंतीवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिला नवी पाहुणी समजून कौतुक करत बसलो होतो. चौथ्या दिवशी उलगडा झाला.

वांग्याचं फूल

फुलावर बसायचंच असेल तर एका फुलाचा अपवाद करतो. वांग्याचं.

भरिताच्या वांग्याला जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे या फुलाकडे आपण तरी नीट बघायला हवं. जांभळ्या पाकळ्यांच्या मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. इतर फुलांसारखा पराग बाहेर सांडलेला नसतो. तो आत बंद असतो आणि मिठाच्या डबीसारखा टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतो. डबी हलवायला हवी. ते काम निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा करतात. फुलाला पायांनी मिठी मारायची, पंख न हलवता उडण्याचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवायचे, की पराग पिचकारीसारखा पोटावर उडतो. आपल्या मोहोळवाल्या माश्यांना ही कला येत नाही. त्या सांडलेला पराग टिपतात.

हे आधी कानाने पकडा. उडताना भुंग्याचा आवाज घोगरा असतो. फुलाला मिठी मारताच तो एकदम चढतो, तुटक होतो: झ्झी... झ्झी... झ्झी. डोळे मिटूनही कळतं. आवाज चढला की शटर दाबा, माशी त्या क्षणी जागची हलत नाही. वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, म्हणून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने आणि किंचित खालून. सूर्य फुलाच्या मागे ठेवलात तर उडालेला पराग धुरासारखा उजळतो.

कॅमेरा

मोबाइलने सुरुवात करा, लाजू नका. भोकाच्या कडेवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि मोबाइल छोट्या तिपाईवर किंवा विटेला टेकवून ठेवा. हळूगती व्हिडिओ चालू करून बाजूला व्हा. येणारी माशी, लटकते पाय, बाहेर काढलेली जीभ, सगळं त्यात सापडतं. चिकटवायची छोटी मॅक्रो लेन्सही चालते, मात्र तिला माशीच्या फार जवळ जावं लागतं. त्यामुळे ती फुलापेक्षा झोपलेल्या माशीसाठी बरी.

कॅमेरा असेल तर 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स उत्तम, कारण माशीपासून थोडं लांब राहता येतं. पैसे नसतील तर हाताशी असलेल्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारं पोकळ नळकांडं, लावा. फ्लॅशसकट माझी घडी अशी असते: मॅन्युअल मोड, शटर 1/200, अॅपर्चर एफ 8 ते एफ 11, आयएसओ 200 ते 400. फ्लॅशशिवाय उन्हात शटर किमान 1/800, उडती माशी हवी तर 1/2000 च्या आसपास, आयएसओ लागेल तेवढा वाढवा. एफ 16 च्या पुढे जाऊन फायदा नाही, चित्र मऊ पडतं.

नवशिक्यांची हमखास होणारी चूक म्हणजे पूर्ण 1:1 पर्यंत, म्हणजे माशी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटेल इतकं, जवळ जाणं. फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ 11 ला तिथे जेमतेम दीड मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळा स्पष्ट आला तर मिशी पुसट. अर्ध्या आकारावर थांबलात तर हीच खोली चार मिलिमीटरच्या जवळ जाते. थोडं लांबून काढा, नंतर कापा. ऑटोफोकस बंद करून अंतर पक्कं करा आणि स्वतः इंचभर पुढे-मागे झुलत डोळा स्पष्ट दिसला की दाबा.

फ्लॅशचा नागडा उजेड माशीच्या अंगावर पांढरे डाग पाडतो, भुंग्यावर तर फारच. उजेड मऊ करायला महागडं काही नको. दुधी रंगाचं प्लास्टिकचं झाकण किंवा बटर पेपरचे दोन थर पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा, झालं काम. डिफ्यूझर जितका मोठा आणि माशीच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ.

सगळ्यात सोपे फोटो पहाटेचे. नरांना घर नसतं. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून, पाय सोडून रात्र काढतात. कधी एकाच काडीवर ओळीने सहा-आठ. दिवस मावळताना बांधावरची वाळकी झुडपं धुंडाळून काडी हेरून ठेवा. उन्हं येण्याआधी तिथे पोचा. अंग गार असल्याने ते हलत नाहीत, तिपाई लावून सावकाश एकेक केस मोजता येतो. काडी तोडू नका, टॉर्च थेट डोळ्यांवर मारू नका. ऊन लागलं की अंग थरथरवून ते गरम होतात आणि एकेक करून उडतात.

आग्यापासून लांब

वर लिहिलेलं जवळ जाणं एकांड्या माश्यांपुरतंच. पाण्याच्या टाक्या, पूल, जुने वड-पिंपळ आणि पाटणादेवीसारखे कडे इथे आग्या मोहोळं लटकतात. त्यांचा फोटो मोठ्या टेलिफोटोने, लांबूनच. फ्लॅश नको, ड्रोन तर अजिबात नको. मोहोळावरून लाटेसारखी लहर धावताना दिसली की ती सूचना समजा आणि मागे फिरा. अत्तर लावून जाऊ नका. डंखातून जो धोक्याचा वास सुटतो, त्यातला मुख्य पदार्थ पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. म्हणजे आग्याच्या वाटेला जाताना जळगावकराने शिदोरीतलं केळं घरीच ठेवलेलं बरं.

उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळा, गाडीत किंवा घरात शिरा. हात झाडू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत राहतात. नांगी नखाने खरवडून लगेच काढा. डंख खूप असतील, श्वास लागत असेल, ओठ सुजत असतील किंवा चक्कर येत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा.

ओळख पटवायला

देखणा एकच फोटो पाठवला की जाणकार हात वर करतात. माझ्या पहिल्या सहाशेंचं तेच झालं. एकाच माशीचे चार फोटो हवेत: समोरून चेहरा, वरून पोटाचे पट्टे, बाजूने पसरलेल्या पंखाच्या शिरा, आणि मागचा पाय किंवा पोटाखालचा पराग. पाचवा, ती ज्या फुलावर किंवा भोकावर होती त्याचा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर तारीख आणि जागेसह टाका. प्रजातीपर्यंत (जातीच्या वरची पायरी, इंग्रजीत जीनस) ओळख मिळाली तरी समाधान माना. बऱ्याच माश्यांची जात सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते, आणि फोटोवरून छातीठोकपणे जात सांगणाऱ्यापासून जरा सावधच राहा.

मोहोळांची जागा मात्र धूसर करूनच टाका, नाहीतर आठवड्यात कोणीतरी धूर घेऊन पोचतं. भिंतीच्या बाबतीतही पत्ता जाहीर करण्याआधी घरमालकाशी बोला. आबांच्या पोराने गेल्या दिवाळीला ती मागची भिंत सिमेंटने लिंपायला काढली होती. आबांनी त्याला मोबाइलवरचा हळूगती व्हिडिओ दाखवला, आणि छातीच्या उंचीपासून वरचा हातभर पट्टा तेवढा कोरा राहिला. यंदा त्या पट्ट्यात मी अकरा भोकं मोजली.